अखितीच्या रांगेतला पहिला बैल

डोंगरपाडा, ता. पनवेल
२९ मे १९५७, वैशाख अमावास्या

चि. दिनानाथ,

सात वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरात सगळी जिवंत आहेत. तुझी वहिनी चुलीशी बसलीय. मी कुणाला लिहितोय हे तिनं विचारलेलं नाही, पण दिव्यात तेल मात्र न सांगता घालून गेली.

गरज पडली तेव्हा भाऊ आठवला असं म्हणशील. म्हण. खोटं कशाला बोलू?

गावात गुरांना काहीतरी लागलंय. खालच्या आळीतल्या कमळाकरचा धवळ्या परवा गेला. त्याचा जोडीदार उभा आहे, पण कसा, तर भिंतीला टेकवलेल्या नांगरासारखा. आणखी तिघांचे बैल चारा सोडून बसलेत. आपल्या दयारामची गाय सातव्या महिन्यात गाभडली. अंगात ताप असा की पाठीवर हात ठेववत नाही. शेण सुकं, वर काळा चकचकीत पापुद्रा. पापणी उलटून बघितली तर आधी पांढरी फटक, चार दिवसांनी हळदीसारखी पिवळी. मूत लाल नाही, ते मी ओंजळीत धरून बघितलं. लाल असतं तर तो रोग मला ठाऊक आहे. आणि नवल म्हणजे वासरं खुशाल उड्या मारतायत. मरतायत ती थोराड, कामाची. असा उलटा न्याय मी गुरांच्या वैद्यकीच्या चाळीस वर्षांत पाहिला नाही.

गुळवेल दिली, काडेचिराईत दिलं, ताकातून हळद दिली. पालथ्या घड्यावर पाणी. पनवेलच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर बुळकांडीच्या साथीची टोचणी करायला तालुक्याच्या पार त्या टोकाला गेलेत. कधी येतील हे तिथल्या शिपायालाही माहीत नाही.

तू तिकडे गोरेगावच्या गोठ्यांवर स्टॉकमन, गुरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली. रोज हजार जनावरांत वावरतोस. भाताच्या रोपांसाठी राब भाजून ठेवलेत, नांगरणी तोंडावर आलीय, आणि बैल असे बसले तर गाव काय हातानं नांगरणार? यावर काय असेल ते कळव.

मागचं सगळं सोडून दे. भांड्याला भांडं लागतंच.

तुझा दादा,
काशिराम


६ जून १९५७

चि. दिनानाथ,

तुझं कार्ड आलं. वर 'श्री' नाही, खाली सही नाही, मधे पाच प्रश्न. वहिनीनं वाचायला सांगितलं तेव्हा मी मनानंच 'वहिनीस नमस्कार' जोडून वाचलं. ती म्हणाली, "दिनूभावजी असं लांबलचक नाय बोलत. तुमी घातलंव ते." तेव्हा पुढच्या वेळी दोन ओळी तिच्यासाठी लिही. मला खोटं पचत नाही.

आता तुझी उत्तरं. जनावरं चार वर्षांच्या वरचीच दगावतायत. गोचीड यंदा भयंकर आहेत, एकेका बैलाच्या जांघेत नि कानामागे एरंडाच्या बियांसारखे लोंबतायत. चरायला सगळी गुरं एकाच रानात जातात, चांगोबरोबर. चांगो कातकरी तुझ्या आठवणीत असेल. तू गेलास तेव्हा तो नुकताच राखणीला लागला होता. चौथं विचारलंस की बाहेरून नवं जनावर आलंय का. हो, मीच आणलं. पौषात म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेतून. सरजा नाव. काळ्याभोर डोळ्यांचा, वशिंड असं की बघणारा थबकतो. त्याला काहीही झालेलं नाही, देवाची कृपा.

पाचवा प्रश्न तू का विचारलास ते मला समजतं, मी एवढा खुळा नाही. त्याचं उत्तर पुढल्या पत्रात. दयाराम अंडी घेऊन मुंबईला निघालाय, हे पत्र त्याच्याच हाती द्यायचंय, दारात उभा राहून खाकरतोय.

आजपर्यंत पाच गेली. कमळाकरचा दुसरा बैलही गेला, आणि तो कसा गेला ते सांगतो. त्यानं शेजारगावचा भगत आणला. भगत म्हणाला, जनावर देवीच्या पायरीला आणा, अंगारा लावतो. बैलाला उठवत नव्हतं. चौघांनी शेपूट पिळून उठवला, चढावावर चालवला. अर्ध्या वाटेत गुडघे टेकले आणि तोंड उघडं टाकून पडला तो पडलाच. भगतानं तिथंच तांदूळ टाकले आणि म्हणाला, "जे घर वाचलं, त्या घरात बघा."

आता कुठलं घर वाचलं? चांगोचं. त्याची एकुलती एक तांबडी गाय झोपडीमागे चरतेय, धड नि ताजी.

कमळाकर माझ्या ओट्यावर येऊन बसला. दोन दिवसांत पोर वाळून गेलंय. म्हणाला, "काका, सगल्या गावाची गुरं मरतान आनि कातकऱ्याची गाय रवंथ करतं. ह्ये काय उगाच हाय? तुमी जाणते. तुमीच सांगा."

मी म्हटलं, "अरे, बारा महिने उन्हातान्हात तो आपली गुरं राखतो."

"तेच तर! राखतो म्हणून तर त्याला जमलं."

यावर मी काय बोलायला हवं होतं? मी आपला पानाचा डबा पुढे केला.

काशिराम


११ जून १९५७

चि. दिनानाथ,

रक्त तपासायच्या काचा पोचल्या, सुया पोचल्या, आणि 'वहिनीस नमस्कार' पण पोचला. तो तिनं दोनदा वाचून घेतला.

तू लिहिलंस तसं केलं. प्रत्येक जनावराला वेगळी सुई. कानाच्या कडेला टोचून एक थेंब काचेवर घेतला आणि दुसऱ्या काचेच्या धारेनं घावन पसरावं तसा पातळ पसरला, वाऱ्यावर वाळवला. चाळीस वर्षं कानातून रक्त काढणारा मी, पण एकेक थेंब असा जपून कधी घेतला नव्हता. आजारी सहा, धडधाकट तीन. धडधाकट पण हवीत असं तू बजावलंस म्हणून सरजाचं घेतलं, गोदूबाईच्या म्हाताऱ्या बैलाचं घेतलं, आणि चांगोच्या गायीचं घेतलं. आकडे घालून दयारामबरोबर पाठवतोय. एक नंबर सरजा. सवयीनंच पडला तो आकडा, अखितीच्या रांगेत पहिला मान त्याचाच होता.

आजारी जनावराला चालवू नका, पळवू नका, अंगात रक्तच नाही तर ते दम कुठून आणेल, हे तुझं वाक्य मी दारोदार सांगितलं. थोडी ऐकतात. आणखी दोन गेलीत.

इकडची गोष्ट बिघडत चाललीय. काल कमळाकर आणि चार जण जाऊन चांगोची गाय सोडून घेऊन आले. ती कमळाकरच्या दारात, धवळ्याच्या मोकळ्या खुंट्याला बांधलीय. येत्या रविवारी, सोळा तारखेला, गावकी बसणार. चांगोला कुटुंबासकट डोंगरापलीकडे हाकलायचं आणि झोपडी जाळायची, असं ठरल्यातच जमा आहे. बसायचं ते फक्त 'हो' म्हणायला. पोरांच्या बोलण्यात तर त्याहूनही वाईट येतं. कोयते पाजळून ठेवलेत, मी डोळ्यांनी बघितलंय.

आज दुपारी त्याची बायको शुक्री आली. अंगणाच्या कडेला, नेहमीच्या जागी, उकिडवी बसली.

"बाबा, तुमच्या शब्दावर गाव उठतं-बसतं. तुमी सांगा ना त्यांना. आमाला मंतर येत असता तर आमी असे राहिलो असतो का?"

वहिनीनं तिच्या पदरात तांदूळ घातले. मी आत जाऊन काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. ती जाईपर्यंत शोधतच होतो.

तेव्हा माझं एक काम कर. काचांत जे दिसेल ते दिसो, पण तू एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिही की हा रोग गोचिडांमुळे होतो, यात कुणाची करणी नाही. खाली तुझ्या हुद्द्यासकट सही कर. तो कागद मी गावकीत वाचतो. चांगो सुटेल आणि गावही थंड होईल. बाकी काही लिहायची गरज नाही.

वाट बघतोय.

काशिराम


१५ जून १९५७, शनिवार

दिनू,

दयाराम काल आला. पाकिटात दोन कागद निघाले. एक मी मागितला तसा, सहीचा. दुसरा नुसता माझ्यासाठी.

दुसरा मी तीनदा वाचला. आजारी सहाही काचांवर रक्ताच्या लाल गोळीच्या अगदी कडेला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आहे, तो रोगाचा जीव. गोदूबाईच्या बैलाच्या काचेवर नाही. चांगोच्या गायीच्या काचेवर नाही. आणि सरजाच्या काचेवर तुमच्या डॉक्टरांनी शोधून शोधून दोन ठिपके काढले. लहानपणी कधी तरी त्याला हा आजार होऊन गेला असणार, तो वाचला, पण राखेतला निखारा तसा तो त्याच्या रक्तात राहिला. त्याला काही होत नाही. त्याचं रक्त ज्याच्या रक्ताला लागेल त्याला होतं. लागल्यापासून तीन-चार आठवड्यांनी.

मी पंचांग काढलं. अक्षयतृतीया, म्हणजे आपली अखिती, दोन मेला होती. धवळ्या चारा सोडून बसला पंचवीस तारखेला.

आता तुझ्या पाचव्या प्रश्नाचं उत्तर. 'नस्तर उकळलं होतं का?' नाही. उकळलं नव्हतं.

तुला ठाऊकच आहे, तरी माझ्या हातानं लिहितो. दर अखितीला नांगरणीआधी गावची सगळी मोठी गुरं आंब्याखाली रांगेनं उभी करायची. बाबांच्या नस्तरानं प्रत्येकाच्या कानाला चीर द्यायची, उष्ण रक्त जाऊ द्यायचं, म्हणजे बैल उन्हापावसात टिकतो. मानाचा पहिला बैल वैद्याच्या घरचा. मग उतरंडीनं बाकीचे. रांग संपेपर्यंत नस्तराला पाणी लावायचं नाही, लावलं की गुण जातो, नुसतं हळदीच्या पानानं पुसायचं. आणि कातकऱ्याची गाय रांगेत घ्यायची नाही. हे सगळं बाबांनी सांगितलं, मी पाळलं. यंदा पहिला सरजा होता. त्याचं रक्त मी माझ्या हातानं एकेका कानात भरत गेलो, आणि प्रत्येकाकडून नारळ घेतला.

सात वर्षांपूर्वी तू याच रांगेत पहिल्या बैलाची वेसण धरून उभा होतास. नुकताच शिकून आला होतास. म्हणालास, "दादा, दर जनावरामागे नस्तर उकळत्या पाण्यात बुडव. एकाचं रक्त दुसऱ्याला लागता कामा नये." हळू म्हणालास खरं तर. लोकांनी ऐकलं म्हणून माझा पारा चढला. "बापाच्या हत्याराला विटाळ म्हणतोस?" असं ओरडून मी तुझ्या कानाखाली ठेवून दिली. तू वेसण सोडली नाहीस. रांग संपेपर्यंत धरून उभा राहिलास आणि मग गेलास. मी लोकांना सांगत आलो की पोरगं मुंबईच्या पगाराला भुललं.

आता माझ्यापुढे दोन कागद आहेत. पहिला खोटा नाही. तू लिहिलंयस तसं गोचिडांनीही हा रोग पसरतो. तो वाचला तर मी आहे तसा राहतो. पण काल संध्याकाळी मी कमळाकरला सहज म्हणून बघितलं, "गोचिडांचं असेल रे हे." तर लगेच म्हणतो, "गोचीड कुठून आले? रानातून. रानात कोण नेतो?" बघ, गोचीड म्हटलं की रान आलं आणि रान म्हटलं की चांगो आला. तुझा खरा कागद वाचूनही त्याचं घर जळणारच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, त्यातला चोर ओट्यावर बसून तुला पत्र लिहितोय.

साठ वर्षांचा झालोय. गावात मला 'काय रे' म्हणणारं कुणी उरलेलं नाही. उद्या सगळेच म्हणतील. वहिनीला दोन्ही कागद वाचून दाखवले. तिनं दिव्याची वात सारली. मग म्हणाली, "शुक्री आली तवा तुमी आत काय शोधत होताव?"

काय करणार ते लिहीत नाही. लिहिलं की केल्यासारखं वाटतं, आणि मग माणूस करत नाही.

काशिराम


१७ जून १९५७, सोमवार

दिनू,

काल गावकी बसली. देवळाच्या पडवीत सगळे, खाली चिखलात चांगो नि शुक्री, बाजूला ती तांबडी गाय. तिच्या खुंट्याशी कुणीतरी रॉकेलचा डबा ठेवला होता, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा.

कमळाकर म्हणाला, "बोलायचं काय हाय? भगताचा कौल झाला."

मी उठलो. "कौल भगताचा, पण रांग माझी. आधी मला एक बघू द्या. अखितीला ज्यांच्या गुरांच्या कानाला मी नस्तर लावलं ते इकडे व्हा. ज्यांच्या नाही लावलं ते तिकडे."

"काका लगीन लावतान का काय? नवरीकडचे तिकडं, नवऱ्याकडचे इकडं!" मागून कुणी तरी म्हणालं. हसली पोरं. हसत हसत उठून इकडे आली, कारण माझा शब्द अजून चालत होता.

सगळं गाव इकडे. तिकडे एकटी गोदूबाई, आणि खाली चांगो.

मी विचारलं, "गोदूबाई, तू का तिकडे?"

"का म्हणजे? अखितीला मी लेकीकडं चिरनेरला गेलते. मागून तुमी म्हणालाव, रांग झाली, आता पुढल्या सालाला. किती शिव्या घातल्या मी तुमाला मनात!"

"बैल कसा आहे तुझा?"

"त्याला मेल्याला काय धाड भरलीय? बसून गवत खातो."

"राखतो कोण त्याला?"

"कोण म्हणजे? चांगोच की."

मग पडवीत कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "इकडच्या गुरांपैकी नऊ मेली. तिकडचं एक नाही. दोन्हीकडची राखतो चांगोच. तो दोन्हीकडे आहे. इकडे आहे आणि तिकडे नाही, असं एकच आहे. माझं नस्तर." आणि तुझा दुसरा कागद काढून पहिल्या अक्षरापासून वाचला. सरजाचे दोन ठिपके वाचले. मग जे कागदात नव्हतं, कानाखालचं, तेही सांगितलं. दयारामनं मागून तांब्या पुढे केला, तेवढाच काय तो आधार.

मला वाटलं होतं मारतील. कमळाकर पुढे आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. पण त्यानं हात लावला नाही. म्हणाला, "काका, त्या दिशी नारळ देऊन मी तुमच्या पाया पडलतो. धवळ्याच्या कानातून रक्त येत व्हतं, आनि मी तुमच्या पाया पडलतो."

दिनू, मार परवडला असता.

त्यानंच जाऊन गायीचं दावं सोडलं. चांगोच्या हातात दिलं नाही, माझ्या पायाशी फेकलं, आणि रॉकेलचा डबा उचलून घराच्या वाटेला लागला. चांगोची माफी कुणी मागितली नाही. मी मागितली, तर तो भांबावून इकडेतिकडे बघायला लागला. मग म्हणाला, "बाबा, माजी पण गाय रांगेत घ्या म्हणून मी दर सालाला तुमच्या पाया पडायचो. बरा झाला, तुमी घेतली नाय." त्यात टोमणा नव्हता रे. तो खरंच तसं म्हणाला.

जाताना त्यानं गावाला विचारलं, "उद्या गुरं सोडायची का?" शेवटी वाटेवरून, मागे न बघता, कमळाकरच म्हणाला, "सोड. उपाशी मारतोस काय त्यांना?"

आज सकाळी ओट्यावरची माझी औषधाची मडकी फुटलेली मिळाली. गुळवेलीचे तुकडे अंगणभर. वहिनी झाडत बसलीय, मधेच हसते आणि म्हणते, "बरं झालं, कोंबड्यांना जंत व्हायचे नाईत." कुणी हाक मारत नाही. दयाराम येतो. गोदूबाईनं येऊन चार शिव्या दिल्या, पण बसून दिल्या, चहा घेऊन.

चांगो आज धडधाकट गुरं घेऊन रानात गेलाय. झोपडीतून धूर येतोय, चुलीचा.

आजारी अकरा आहेत. येताना पिवळ्या भुकटीची इंजेक्शनं तू वीस आणतोस असं दुसऱ्या कागदाच्या शेवटी लिहिलंस, म्हणजे पुरतील. उशीर करू नकोस. मोरा बंदराची लाँच आता पावसात भरवशाची नाही, ठाण्यावरून एस.टी.नं ये. बुधवारी सकाळी जनावरं मी घरोघर जाऊन मागणार आहे. देतील त्यांची देतील. आजारी गुरांना आंब्याखाली चालवायचं नाही, तेव्हा यंदा रांग नाही. आपणच गोठ्यागोठ्यांत जायचं. सुरुवात कमळाकरच्या स्वतःच्या गायीपासून, ती कालपासून बसलीय. सरजा कुठल्याच यादीत नाही, त्याचं काय करायचं ते तू सांगशील तसं. वहिनीनं मोठं पातेलं घासून ठेवलंय, सुया उकळायला. त्यात मी बाबांचं नस्तरही टाकणार आहे. उकळल्यावर गुण जातो की नाही ते एकदा बघूच.

वेसण मी धरीन. चाळीस वर्षं मी पुढे उभा राहिलो आणि वेसण दुसऱ्यांनी धरली, आता ते काम माझं. तू टोच. लोकांसमोर मला काही सुनवायचं असेल तर सुनव, कानाखाली काढायची असेल तर तीही काढ. मी सोडणार नाही. तू सोडली नव्हतीस.

तुझा दादा,
काशिराम